‘तीही तिकडे कमावेल’ म्हणण्याआधी

मी मरोळहून बोलते आहे. अंधेरी पूर्वेच्या या भागात मी बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. आमच्याजवळ सीप्झ आहे, मरोळची एमआयडीसी आहे. इथल्या संगणक कंपन्यांतली मुलं अमेरिकेला, जर्मनीला जातात. आणि आमच्या गटांतल्या कितीतरी बायकांचं माहेर किंवा सासर रत्नागिरी-रायगडकडचं. त्यांचे भाऊ, दीर दुबईला, सौदीला. त्यामुळे बैठकीत हप्त्यांचा हिशोब झाला की परदेशाचा विषय निघतोच.

हा विषय आता गावातही आला आहे. जावयाला बाहेरची नोकरी लागते. मुलगी पाठोपाठ जाणार असते. आई म्हणते, ‘दोघं कमावतील, दोन वर्षांत कर्ज फिटेल.’ कधी उलटं असतं. मुलगी नर्स असते, तिला नोकरी लागते आणि जावई मागून जाणार असतो. दोन्ही वेळा घरात हिशोब मांडला जातो तो दोन पगारांचा. आजचं बोलणं त्या दुसऱ्या पगाराबद्दल आहे.

एक गोष्ट आधी पक्की लक्षात ठेवू. परदेशी राहायची परवानगी वेगळी आणि तिथे काम करायची परवानगी वेगळी. नवऱ्याला नोकरीचा व्हिसा मिळतो. बायकोला मिळतो त्याला डिपेंडंट व्हिसा म्हणतात, म्हणजे अवलंबून असलेल्या माणसाचा. त्यावर काम करता येतं की नाही, हे प्रत्येक देशात वेगळं असतं. एकाच देशात नवऱ्याच्या व्हिसाच्या प्रकारावरूनही ते बदलतं. मुलगी किती शिकलेली आहे, हुशार आहे, यावर ते ठरत नाही.

अमेरिकेपासून सुरू करू. तिथे आपली बहुतेक मुलं एच-वन-बी व्हिसावर जातात. त्यांच्या बायकोला एच-फोर मिळतो. एच-फोरवर राहता येतं, कॉलेजात शिकता येतं. पगाराचं काम मात्र करता येत नाही. २६ मे २०१५ पासून यात एक वाट निघाली. नवऱ्याच्या कंपनीनं त्याच्या ग्रीन कार्डसाठी केलेला अर्ज मंजूर झाला असेल, त्याला आय-१४० म्हणतात, तर बायको कामाच्या परवान्यासाठी अर्ज करू शकते. परवाना हातात आल्यावर काम. पण कंपनी हा अर्ज नोकरीच्या पहिल्या दिवशी करत नाही. काही कंपन्या दोन-तीन वर्षं थांबतात, काही करतच नाहीत.

त्याच अमेरिकेत नवरा आपल्याच कंपनीच्या तिकडच्या शाखेत बदलीवर गेला, तर त्याचा व्हिसा एल-वन असतो आणि बायकोचा एल-टू. तिला नोव्हेंबर २०२१ पासून वेगळा परवाना काढावा लागत नाही. देशात शिरताना जी आय-९४ नोंद होते तिच्यात एल-टू-एस असं लिहिलेलं असलं की ती काम करू शकते. म्हणजे शेजारी-शेजारी राहणाऱ्या दोन मराठी बायका, दोघींचे नवरे संगणकावरच काम करणारे, आणि एक कामाला जाते, दुसरीला जाता येत नाही. फरक व्हिसावरच्या एका अक्षराचा.

ब्रिटनमध्ये पदवीच्या पातळीच्या नोकरीवर गेलेल्या माणसाचा जोडीदार जवळजवळ कुठलंही काम करू शकतो. मात्र पैसे आधी भरावे लागतात. व्हिसाची फी वेगळी आणि आरोग्य सेवेचा आकार वेगळा. तो फेब्रुवारी २०२४ पासून मोठ्या माणसामागे वर्षाला १,०३५ पौंड आहे, म्हणजे आपले लाखाच्या वर. तीन वर्षांचा व्हिसा असेल तर तिन्ही वर्षांचे एकदम. आणि म्हाताऱ्यांची, आजाऱ्यांची देखभाल करणारे जे केअर वर्कर, त्यांना ११ मार्च २०२४ पासून नव्यानं जोडीदार किंवा मुलं नेता येत नाहीत. जुलै २०२५ पासून तर परदेशातून नवे केअर वर्कर घेणंच तिथं बंद झालं. तेव्हा ‘लंडनला केअर वर्कर म्हणून पाठवतो, सहा महिन्यांनी नवऱ्यालाही बोलावून घ्या’ असं कोणी सांगत आलं, तर त्याला चहा द्या, पैसे देऊ नका.

जर्मनीचं नाव आता खेड्यातही ऐकू येतं. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल माणसं पाठवण्याचा करार केला आणि दहा हजार तरुणांना जर्मन भाषा शिकवून तयार करण्याची योजना आखली. जर्मनीत कुटुंबाच्या व्हिसावर गेलेल्या जोडीदाराला काम करायची मोकळीक आहे. तिथली अडचण वेगळी आहे. जाण्याआधी जोडीदाराला काही वेळा जर्मन भाषेची पहिली परीक्षा, ए-वन, पास व्हावी लागते. नवऱ्याकडे ब्लू कार्ड असेल तर ही अट नाही. पण मैत्रिणींनो, सूट मिळाली तरी भाषा शिकाच. दुकानात, दवाखान्यात, नोकरीच्या मुलाखतीत तीच उपयोगी पडणार आहे. मुंबईत आणि पुण्यात मॅक्स म्युलर भवनात या परीक्षा होतात.

कॅनडामध्ये पूर्वी बहुतेकांच्या जोडीदाराला खुला कामाचा परवाना मिळायचा. २१ जानेवारी २०२५ पासून तो आखडला आहे. आता वरच्या दर्जाच्या आणि काही ठरावीक कामांवर असलेल्यांच्याच जोडीदाराला तो मिळतो, आणि नोकरी करणाऱ्याच्या स्वतःच्या परवान्याची किमान १६ महिन्यांची मुदत शिल्लक असावी लागते. चार वर्षांपूर्वी गेलेल्या चुलत बहिणीचं उदाहरण त्यामुळे आज चालणार नाही.

आता आखात. दुबईत, म्हणजे संयुक्त अरब अमिरातीत, नवऱ्याला कुटुंब नेण्यासाठी महिना ४,००० दिरहम पगार लागतो, किंवा ३,००० दिरहम आणि राहायची जागा. त्यामुळे बांधकामावर किंवा सफाईच्या कामावर गेलेला माणूस एकटाच कॅम्पवर राहतो आणि बायको गावी असते. ज्यांना नेता येतं त्यांच्या बायका नवऱ्याच्या स्पॉन्सरशिपवर राहूनही नोकरी करू शकतात. पण ज्या कंपनीत काम करायचं त्या कंपनीनं तिच्या नावाचं वर्क परमिट काढायला हवं. सौदीत नोकरी करणाऱ्याला घरातल्या प्रत्येक अवलंबून माणसामागे महिन्याला ४०० रियाल शुल्क भरावं लागतं. बायको आणि दोन मुलं म्हणजे वर्षाला १४,४०० रियाल. पगार ऐकताना हा आकडा वजा करून ऐकायचा.

आता आपल्या गटांच्या जिव्हाळ्याचा प्रश्न. बायका विचारतात, ‘ताई, नोकरी नाही तर नाही, तिकडे पुरणपोळ्या, दिवाळीचा फराळ, डबे करून विकले तर?’ जिथे कामाची परवानगी नाही तिथे हेसुद्धा कामच धरलं जातं. एच-फोरवर परवाना नसताना पैसे घेऊन डबे दिले तर व्हिसा धोक्यात येतो, आणि पुढे ग्रीन कार्डाच्या वेळी ते आडवं येऊ शकतं. घरी बसून भारतातल्या कंपनीचं काम करायचं असेल तरी आधी तिथल्या वकिलाला विचारा. आणि जिथे काम करायला परवानगी आहे तिथेही घरचा पदार्थ विकायला वेगळं लायसन्स लागू शकतं.

आमच्या एका गटात घडलेलं सांगते. एका मावशींनी कर्जाचा अर्ज दिला. मुलगी लग्न होऊन अमेरिकेला निघाली होती. ती इथे लॅबमध्ये नोकरीला होती, स्वतःच्या पगारावर भावाचं शिक्षण करत होती. मावशी म्हणाल्या, ‘तिकडे गेली की तीन महिन्यांत फेडेल.’ गटातल्या एकीनं सहज विचारलं, ‘व्हिसा कुठला?’ मावशींनी तिथूनच मुलीला फोन लावला. संध्याकाळी जावयाकडून उत्तर आलं. एच-फोर, आणि कंपनीनं ग्रीन कार्डाची फाइल अजून सुरूच केलेली नव्हती. म्हणजे काही वर्षं तरी मुलीचा पगार नाही.

पुढच्या बैठकीत मावशींनी हिशोब पुन्हा मांडला, एका पगाराचा. कर्ज निम्मं घेतलं. भावाच्या फीबद्दल जावयाशी सरळ बोलणं झालं. मुलीच्या खात्यावर दर महिन्याला ठरावीक रक्कम टाकायची, हेही तेव्हाच ठरलं, म्हणजे तिला चहा-पावडरीसाठी सुद्धा हात पसरावा लागणार नाही. मुलीनं निघायच्या आठवड्यापर्यंत नोकरी केली आणि अनुभवाचं पत्र घेऊन ठेवलं. मुलगी गेलीच. पण तिथे पोचल्यावर कळण्याऐवजी तिला निघण्याआधी कळलं होतं, आणि त्यामुळे आठ वर्षं नोकरी केलेली मुलगी घरात बसण्याची तयारी करून गेली.

आता कागदांचं. लग्नाची नोंदणी केलेली नसेल तर आधी ती करा. गावात ग्रामपंचायतीत होते, मुंबईत महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात. लग्नाचा फोटो आणि पत्रिका व्हिसासाठी पुरत नाही. पासपोर्ट, आधार, दाखले आणि लग्नाचं प्रमाणपत्र यांवर नाव एकसारखं आहे का बघा. लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदलणं सक्तीचं नाही. पदवीचे दाखले, नर्सिंगची नोंदणी, अनुभवाची पत्रं मुलीनं स्वतःबरोबर न्यावीत. काम करायची परवानगी मिळाली की हेच मागतात. दाखल्यांवर परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का लागतो, आणि अमिरातीसारख्या देशासाठी त्यांच्या दूतावासाचाही. तो इथूनच करून घेणं सोपं.

बायको म्हणून जाणं आणि स्वतः कामाला जाणं, यांचे आपल्या सरकारचे नियमही वेगळे आहेत. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर असा शेरा असतो. असा पासपोर्ट असलेल्या माणसाला आखातासह १८ देशांत नोकरीला जाताना सरकारची मंजुरी लागते. या पासपोर्टवर ३० वर्षांखालच्या बाईला नोकरीसाठी ती मिळत नाही, आणि घरकामासाठी बाईला पाठवायचं असेल तर ते सरकारी संस्थेमार्फतच व्हावं लागतं. म्हणून काही एजंट बायकांना फिरायच्या व्हिसावर पाठवतात आणि तिकडे कामाला लावतात. अशा बाईला पगाराची दाद मागता येणं फार अवघड होतं. नोंदणी असलेला एजंट जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेऊ शकतो, पावतीसह. एजंटची नोंदणी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर बघता येते. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात याचं कार्यालय आहे.

शेवटची गोष्ट जड आहे, पण बोलायला हवी. डिपेंडंट व्हिसा नवऱ्याच्या नोकरीला बांधलेला असतो. अमेरिकेत एच-वन-बीवरच्या माणसाची नोकरी गेली तर साधारण ६० दिवसांत दुसरी सोय करावी लागते, नाहीतर दोघांनाही परतावं लागतं. आणि नवरा मारहाण करत असेल तर बायकोला वाटतं, तक्रार केली तर मलाच हाकलतील. असं समजून गप्प बसू नका. अमेरिकेच्या कायद्यात छळ झालेल्या एच-फोरच्या बाईला स्वतःच्या नावानं कामाचा परवाना मागता येतो. प्रत्येक देशातल्या भारतीय दूतावासाकडे मदत मागता येते. परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर इथून आई-वडीलही तक्रार नोंदवू शकतात. परदेशी नवऱ्यानं टाकलेल्या बायकांसाठी राष्ट्रीय महिला आयोगात २००९ पासून वेगळा विभाग आहे. मुलीचा पासपोर्ट मुलीकडेच असू द्या, आणि त्याची एक प्रत माहेरी ठेवा.

तर मैत्रिणींनो, घरात असा विषय निघाला की चार प्रश्न विचारा. एक, दोघांच्या व्हिसाचं नेमकं नाव काय? दोन, त्या व्हिसावर जोडीदाराला काम करता येतं का, आणि कधीपासून? तीन, ती कमावेपर्यंत एका पगारात घर, शुल्क आणि इथलं कर्ज भागेल का? चार, तिच्या स्वतःच्या हातात किती पैसे आणि कोणते कागद असतील? उत्तरं त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरून, त्याच आठवड्यात बघून घ्या, कारण हे नियम वर्षभरातही बदलतात. इंग्रजी अडलं तर गावातली कॉलेजात जाणारी मुलगी वाचून दाखवेल.

हे चार प्रश्न गटाच्या वहीत लिहून ठेवा. परदेशासाठी कर्जाचा अर्ज आला की ठरावाआधी ते वाचा. विचारलेलं कुणाला टोचणार नाही, कारण सगळ्यांनाच विचारायचं आहे.