सरपणाची मोळी आणि जंगलचा कायदा

नागपुराहून हैदराबादेकडे जातांना यवतमाळ जिल्ह्यांत पांढरकवडा लागतें. केळापूर तालुक्याचें हें मुख्य ठिकाण. भोंवतीं सागाचें रान आणि त्यांत गोंड व कोलाम लोकांची वस्ती. डोक्यावर चुंबळ, तिच्यावर मोळी आणि हातांत विळा अशा बायका या रानाच्या कडेला सकाळीं दिसावयाच्याच. आपल्या घरांतून चूल केव्हांच गेली. त्यामुळें वाळल्या काटक्यांना कायदा कशाला हवा, असें आपणांस वाटेल.

पण कायदा आहे, आणि तो मोठा सूक्ष्मदर्शी आहे. १९२७ च्या भारतीय वन कायद्यांत लाकडाची जी व्याख्या दिली आहे, तींत तोडलेल्या झाडाबरोबर आपण होऊन पडलेलें झाडहि येतें. वादळानें आडवें केलेलें झाड आपण बेवारशी समजतों. कायदा तसें समजत नाहीं. शिवाय रानाचे प्रकार आहेत. राखीव जंगलांत ज्या गोष्टीची परवानगी दिलेली नाहीं ती सर्व मना. संरक्षित जंगलांत जिची मनाई केलेली नाहीं ती करण्यास मोकळीक. म्हणजे हद्दीच्या दगडाच्या अलीकडे वेंचलेली काटकी निर्दोष आणि पलीकडे वेंचलेली गुन्ह्याची, असेंहि होऊं शकतें. मोळी बांधणारीला हा भेद कोण समजावून सांगतो? गुन्ह्याचा संशय आला तर लाकडाबरोबर कुऱ्हाड आणि बैलगाडीहि जप्त करतां येते.

याहून कठोर मला ६९ वें कलम वाटतें. माल सरकारचा कीं दुसऱ्याचा असा प्रश्न या कायद्याखालील कामांत निघाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत तो सरकारचाच धरावयाचा. आपल्या बांधावरची बाभूळ तोडून आणणाऱ्या गरिबानें पुरावा कोठून आणावा?

या जिल्ह्याला हें गाऱ्हाणें नवें नाहीं. वणीचे लोकनायक बापूजी अणे यांनीं १० जुलै १९३० रोजीं पुसदजवळ राखीव जंगलांतील गवत कापून कायदेभंग केला. मिठाचा समुद्र येथून दूर. विदर्भाच्या माणसाला रोज टोंचत होता तो जंगलचाच कायदा.

तालुक्यांतच टिपेश्वरचें अभयारण्य आहे. क्षेत्र सुमारें १४८ चौरस किलोमीटर. तेथें १९७२ चा वन्यजीव कायदा लागू होतो आणि वेंचण्यावरील बंधनें आणखी आंवळतात. वाघाचा प्रश्न तर निराळाच. याच पांढरकवडा वनविभागांत माणसें मारल्याचा ठपका असलेली वाघीण २०१८ च्या नोव्हेंबरांत गोळी घालून मारण्यांत आली. ज्या घरांत सिलिंडर भरून आणण्यास पैसे नसतात, त्या घरच्या बाईला अशा दिवसांतहि रानांत जावेंच लागतें.

आतां २००६ च्या वनहक्क कायद्याकडे वळूं. रानांत राहून रानावर जगणाऱ्या अनुसूचित जमातींना, तसेंच तीन पिढ्यांपासून तेथें राहणाऱ्या इतरांना, गौण वनोपज गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क त्यानें मान्य केला. अभयारण्येंहि त्यांतून वगळलीं नाहींत. ज्या ओझ्यामुळें बाई अडविली जाई, तेंच डोक्यावरचें ओझें २००८ च्या नियमांत सायकल व हातगाडी यांच्या पंक्तीला बसून मालवाहतुकीचें मान्य साधन झालें!

मात्र येथें एक बारकावा आहे. गौण वनोपजांत झुडपी लाकूड आणि खुंट नांवानिशीं येतात. सरपण असा शब्द तेथें नाहीं. वाळलेल्या जाड फांदीवरून वाद निघूं शकतो. तो टाळावयाचा तर निस्ताराचा, म्हणजे घरगुती गरजा रानांतून भागविण्याचा, हक्क मागावा. सामूहिक दाव्याच्या अर्जांत त्यासाठीं वेगळी जागा आहे. तेथें ग्रामसभेनें सरपण हा शब्द स्पष्ट लिहावा. तिच्या ठरावानंतर दावा उपविभागीय समितीकडे व पुढें जिल्हा समितीकडे जातो. आणि कागद नसले तरी थांबूं नये. गांवांतील म्हाताऱ्या माणसांनीं आम्ही लहानपणापासून अमक्या नाल्यापासून तमक्या टेकडीपर्यंत सरपण आणीत आलों असें सांगितलें, आणि तें लिहून घेतलें, तर तोहि पुरावा म्हणून सादर करतां येतो. असे सांगणारे गांवोगांवीं दरवर्षीं कमी होत आहेत.