ढाबा, डीजे आणि आपली महिला सभा



कल्याणहून मुरबाडच्या रस्त्याला लागा, नाही तर टिटवाळा, बदलापूरकडे वळा. ढाबे, रिसॉर्ट, फार्महाऊस जागोजागी. शनिवार-रविवार, गटारी, थर्टीफर्स्ट म्हणजे त्यांचा हंगाम. आपल्या गटांतल्या कुणी तिथं भाकऱ्या पुरवतात, कुणी खोल्या आवरायला जातात. आणि रात्री दीड वाजता डीजेनं जिचं लेकरू दचकून उठतं, तीही आपल्यातलीच. म्हणून नुसतं ‘बंद करा’ म्हणून भागत नाही आणि ‘चालू द्या’ म्हणूनही भागत नाही. कोणत्या अटींवर चालावं, हे ठरवायला आपण बसलं पाहिजे.

आधी परवाना कोण देतं ते बघू. दारूचा परवाना ग्रामपंचायत देत नाही, महापालिकाही देत नाही. तो 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली जिल्हाधिकारी आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून मिळतो. गाणंबजावणं आणि लाऊडस्पीकरची परवानगी पोलिसांकडे. जेवणाचा परवाना अन्न व औषध प्रशासनाकडे. बांधकाम, पाणी, कचरा हे मात्र ग्रामपंचायतीकडे किंवा पालिकेकडे. म्हणजे हॉटेल एक आणि दारं चार. आपण एका दारावर गेलो की ते दुसऱ्याकडे बोट दाखवतात.

ठाण्याचं येऊर बघा. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून आदिवासी पाडे आहेत. तिथंच बंगले, हॉटेलं आणि खेळायचे टर्फ झाले. रात्रीच्या गोंगाटाच्या तक्रारी वर्षानुवर्षं चालू आहेत. महापालिका, वन विभाग, पोलीस, सगळ्यांचा थोडा थोडा संबंध. टर्फचा प्रश्न शेवटी उच्च न्यायालयात गेला. एवढं लांब जाण्याआधी सगळ्यांना एका टेबलाशी बसवता आलं, तर गावाचा त्रास वाचतो आणि मालकाचाही.

इंग्लंडमध्ये 2003 च्या कायद्यानं दारूचा परवाना स्थानिक परिषदेकडेच दिला. तिथं शेजारी लेखी हरकत घेऊ शकतात आणि त्यावर सुनावणी होते. आपल्याकडे तशी सोय नसली, तरी ग्रामसभा आहे. प्रत्येक ग्रामसभेआधी महिला सभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाड-भिवंडीतली काही गावं पेसात येतात. तिथल्या ग्रामसभेला तर दारूची विक्री आणि सेवन यांवर निर्बंध घालायचा अधिकार आहे.

दारूचे परवाने 1 एप्रिलपासून वर्षभराचे असतात आणि पुढं नूतनीकरण होतं. म्हणून जानेवारीच्या महिला सभेत हा विषय घ्या. ढाबा-रिसॉर्टवाल्यांना बोलवा. ग्रामसेवक आणि बीट हवालदारांना बोलवा. उत्पादन शुल्क निरीक्षकांना पत्र द्या. आणि या गोष्टी लिहून घ्या:

एक, आवाज. 2000 सालच्या नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाऊडस्पीकर बंद. सरकार सवलत देतं ते मोजके दिवस सोडून. बंद हॉलची गोष्ट वेगळी, पण लॉनवरचा मांडव म्हणजे बंद हॉल नव्हे.

दोन, वय. आपल्या राज्यात बिअर आणि वाइनला 21 वर्षं, बाकी दारूला 25. ओळखपत्र बघितल्याशिवाय द्यायची नाही.

तीन, फार्महाऊसच्या पार्ट्या. एका दिवसाचा तात्पुरता परवाना मिळतो, तो काढायचा आणि त्याची प्रत पंचायतीत द्यायची.

चार, बाटल्या. शेतात आणि ओढ्यात फुटलेली काच आपल्याच पायात जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी मालकानं सफाई करून द्यायची. हे काम गटाला मोबदल्यावर दिलं तर आणखी बरं.

पाच, कामाला जाणाऱ्या बायका. उशीर झाला तर घरापर्यंत गाडी, आणि दारू वाढायची सक्ती नाही.

यात मालकाचाही फायदा आहे. गावाशी भांडण नसलेल्या ठिकाणी कुटुंबं येतात, पोलिसांच्या फेऱ्या कमी होतात आणि परवान्यावर टांगती तलवार राहत नाही.

ही तलवार खरी आहे बरं. 2008 च्या आदेशानं गावातलं परवान्याचं दारूचं दुकान मतदानानं बंद करता येतं. समजा यादीत 800 महिला आहेत. तर 25 टक्के, म्हणजे 200 जणींच्या सह्यांचा अर्ज लागतो. सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान. उभी बाटली म्हणजे चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. आडव्या बाटलीला 400 च्या वर मतं हवीत. आलेल्यांच्या निम्मी नव्हे, यादीतल्या सगळ्यांच्या निम्म्याहून जास्त. म्हणजे जी घरी बसली, तिचं मत उभ्या बाटलीलाच गेल्यासारखं. म्हणून हे हत्यार शेवटचं. आधी टेबल, मग मतपेटी.

विनापरवाना हातभट्टी मात्र या टेबलावर आणायचीच नाही. तिथं अटी नाहीत, तडजोड नाही. तिथं 112 ला फोन.

आता एक काम करा. तुमच्या पुढच्या बचत बैठकीत गावातल्या ढाब्या-रिसॉर्टची यादी करा. प्रत्येकाकडे कोणता परवाना आहे, हे विचारायला दोघी-दोघी जा. परवाना दर्शनी भागात लावलेला दिसला पाहिजे. ती यादी वहीत उतरवा आणि महिला सभेत वाचून दाखवा. लेखी विचारणाऱ्या बाईला ‘बघू नंतर’ म्हणून घालवणं कुणालाच सोपं नसतं.