रुळांची स्थानपोथी



इमादशाहीचे तख्त ज्या नगरीने पाहिले आणि मराठी गद्याचे माहेर असलेले रिद्धपूर जिच्यापासून फार दूर नाही, त्या अचलपुरात साहित्य संमेलनाचा अध्यक्ष संगणकावरील आगगाडीच्या खेळाविषयी बोलू लागला, तर काही वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतील, हे मी गृहीत धरूनच उभा आहे. त्यांनी क्षणभर धीर धरावा.

मायक्रोसॉफ्ट कंपनीने २००१ साली ‘ट्रेन सिम्युलेटर’ बाजारात आणला, तेव्हा त्यात अमेरिकेचे दोन, जपानचे दोन, इंग्लंडचा एक आणि ऑस्ट्रियाचा एक असे ६ मार्ग होते; हिंदुस्थानच्या वाट्याला एकही आला नव्हता. परंतु नवे मार्ग घडविण्याची साधने खेळासोबतच दिलेली असल्यामुळे, कंपनीने ज्याची तजवीज केली नव्हती ते काम खेळणाऱ्यांनीच शिरावर घेतले. आणि २००९ साली दुसरी आवृत्ती अर्ध्यावर टाकून कंपनीने या व्यवहारातून अंग काढून घेतले, तरी जगभरच्या स्वयंसेवकांनी ‘ओपन रेल्स’ नावाची नवी प्रणाली लिहून जुन्या खेळासाठी रचलेली इंजिने आणि मार्ग तिच्यावर चालते ठेवले. मालक गेला, वहिवाट मोडली नाही.

यांत आपल्याकडील हौशी मंडळीही आहेत. डब्ल्यूडीएम-२ इंजिनाचा आवाज, डब्यांच्या निळ्या रंगाची छटा, स्टेशनाच्या पिवळ्या पाटीवरील अक्षरांचे वळण, यांवर ही माणसे ज्या हिरिरीने वाद घालतात, तिचा चतुर्थांश जरी आमच्या चरित्रकारांच्या अंगी असता, तरी मराठीतील निम्मी चरित्रे पुन्हा लिहावी लागली नसती. लेखकाला ‘गाडी संथपणे निघाली’ असे लिहून पुढे जाता येते. मार्ग रचणाऱ्याला ती किती संथ निघाली, चढ किती होता आणि इंजिनाच्या मागे किती डबे होते, हे ठाऊक असल्यावाचून तिला हलविताच येत नाही. विशेषणांच्या आड लपण्याची सवलत त्याला नाही, आणि म्हणूनच त्याच्या उद्योगाला मी लेखनाच्या पंक्तीत बसवू इच्छितो.

आता घरचा दाखला घेऊ. किलिक निक्सन कंपनीच्या पुढाकाराने १९१० साली उभ्या राहिलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरच्या गिरण्यांपर्यंत जावा म्हणून अडीच फुटी रूळ टाकले; मूर्तिजापुराहून एक फाटा ११३ किलोमीटर यवतमाळला गेला, आणि दुसरा बनोसा, अंजनगाव, पथ्रोट करीत ७६ किलोमीटर चालून आपल्या दारी आला. या रुळांवरची गाडी तीच आपली शकुंतला. १९२१ साली मँचेस्टरातच घडलेल्या वाफेच्या इंजिनाने ती १९९४ पर्यंत ओढली. देशातील रेल्वे सरकारजमा झाली तरी हे रूळ कंपनीचेच राहिले आणि गाडी मात्र सरकार चालवीत राहिले, या विलक्षण व्यवस्थेचे करारनामे दप्तरांत सापडतील. पण मोजक्या माणसांनी तिकीट फाडण्यापासून इंजिन जोडण्यापर्यंतची कामे हातांनी कशी उरकली, याची रुजवात कोणत्या दप्तरात पाहायची? गाडी बंद पडून काही वर्षे लोटली आहेत, आणि ज्यांच्या हातांना ते ठाऊक आहे ते हात आता थकले आहेत.

अशा आठवणी जमविण्याची वाट आपल्याकडे जुनीच आहे. महानुभाव पंथाच्या म्हाइंभटाने चक्रधरस्वामींच्या लीळा कशा जमविल्या, हे या प्रांतात मी सांगावे असे नाही. चक्रधरांच्या सहवासात जे होते त्यांना गाठून, त्यांच्या आठवणी एकमेकींशी ताडून त्याने ग्रंथ सिद्ध केला. पुढे धामधुमीत पोथी हरवली, तेव्हा स्मरणातून ती पुन्हा उभी करणाऱ्यांनी परस्परांचे भिन्न पाठ खोडले नाहीत, ज्याचे त्याच्या नावाने नोंदले. चक्रधरांच्या वास्तव्याच्या जागा नोंदणाऱ्या स्थानपोथीने तर कोणते स्थान कोणत्या दिशेस, कोणत्या देवळाच्या कोणत्या बाजूस, इतका तपशील राखला. एकाच स्टेशनाच्या तीन निरनिराळ्या आवृत्त्या शेजारी शेजारी नांदू देणारी ही संगणकावरची मंडळी मला त्याच घराण्यातील वाटतात. त्यांना ते ठाऊक नसेल, तर तो दोष आपल्या पाठ्यपुस्तकांचा.

तेव्हा आज दुपारच्या खुल्या अधिवेशनापुढे मी एक ठराव ठेवणार आहे. शकुंतलेचे निवृत्त चालक, गार्ड, पॉइंट्समन आणि फाटकवाले यांच्या मुलाखती या संमेलनाने ध्वनिमुद्रित कराव्यात, घरोघरी पडलेली छायाचित्रे व वेळापत्रके मागवून घ्यावीत, आणि हा सारा ऐवज मार्ग रचू इच्छिणाऱ्या कोणाही तरुणाला विनामूल्य, विनापरवाना खुला ठेवावा. खर्चाचा अंदाज कार्यवाहांकडे दिला आहे. ठरावास अनुमोदन देण्यास पथ्रोटचे कोणी सभागृहात असतील, तर त्यांनी आपले नाव भोजनापूर्वी कळवावे.