घरचा उजेड

चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचा जन्म १८८२ साली सावंतवाडीस झाला. चितारी लोक लाकडी खेळण्यांना रंग चढवितात, तेच हे गाव. पुढे मुंबईत नावारूपास आलेल्या या कलावंताला आपल्या सर्वश्रुत चित्रासाठी दूरचा विषय शोधावा लागला नाही. हाती दिवा घेतलेली स्वतःची कन्या त्यांना पुरली. ज्योतीआड तिने तळहात धरला आहे आणि बोटांतून तांबूस प्रकाश पाझरतो आहे. जलरंगांत असा उजेड साधण्यासाठी कागदाची शुभ्रताच जपून ठेवावी लागते. एकदा बिघडले की सावरणे कठीण! हे चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. पुष्कळजण मात्र ते राजा रविवर्म्यांचे समजतात. रविवर्मा १९०६ सालीच निवर्तले. चित्र १९४५च्या सुमाराचे. शाळेच्या भिंतीवर त्याची प्रत असेल, तर गुरुजनांनी खाली हळदणकरांचे नाव अवश्य लिहावे.