भिंतीतील भगदाड

संगणकावर रेखाटलेल्या त्रिमितीय दालनात कॅमेरा भिंतीजवळ जाताच भिंतीला भगदाड पडते आणि नवखा प्रोग्रामर चित्राला दोष देतो. वस्तुतः कॅमेऱ्याच्या दृष्टिक्षेत्राला निकटचे आणि दूरचे अशी दोन छेदप्रतले असतात; त्या दोहोंमधले तेवढेच दिसते, बाकीचे कापले जाते. मग निकटचे प्रतल शून्यावर का आणू नये? १९९२ साली आलेल्या ओपनजीएलमध्ये यथार्थदर्शी चित्रणासाठी हे अंतर शून्याहून अधिकच लागते. ते अतिसूक्ष्म ठेवले, तर अंतरे नोंदविण्याची अचूकता जवळच खर्ची पडते. दूरच्या पृष्ठभागांतील पुढचा कोणता हे ठरेनासे होऊन ते लुकलुकू लागतात. म्हणून जाणता प्रोग्रामर निकटचे प्रतल गरजेपुरतेच जवळ आणतो, दूरचे अलीकडे घेतो आणि कॅमेऱ्याला भिंतीपासून किंचित दूर थांबवितो. भिंत मग अभंग राहते.