बाळंतिणीची नोंद
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला साधा शिक्षक; वैद्यकात माझा अधिकार नाही. परंतु पस्तीस वर्षे हजेरीपट लिहिल्यामुळे नोंदीचे मोल मला थोडेफार उमगले आहे. त्या बळावरच आज बाळंतिणींच्या नोंदीविषयी बोलण्याचे धाडस करीत आहे.

1974 साली माझी थोरली बहीण पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. मुलगा झाला. अकराव्या दिवशी, बारशाच्या आदल्या संध्याकाळी, ती ज्वराने गेली. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. दप्तरात तिच्या नावापुढे ‘ताप’ एवढाच शब्द लिहिला गेला. तो शब्द खोटा नव्हता; पण अपुरा होता. ती बाळंतीण होती हे कोणी विचारले नाही आणि आम्ही घरच्यांनीही सांगितले नाही. त्यामुळे तिच्या मरणापासून कोणी काही शिकू शकले नाही.

गरोदरपणी, प्रसूतीच्या वेळी अथवा त्यानंतर 42 दिवसांच्या आत त्यासंबंधीच्या कारणाने आलेल्या मरणास मातामृत्यू म्हणतात. त्याचे प्रमाण 1 लाख जिवंत जन्मांमागे मोजतात. भारतात हे प्रमाण 2004-06 या काळात 254 होते; 2019-21 मध्ये ते 93 वर आले. हे आकडे नमुना नोंदणी योजनेतून मिळतात. तिची रीत मला फार आवडते. निवडलेल्या गावांत व वस्त्यांत एक जण सतत जन्ममृत्यू टिपतो. दुसरा दर सहा महिन्यांनी स्वतंत्रपणे घरोघर विचारतो. मग दोन्ही याद्या ताडून पाहतात आणि जेथे मेळ बसत नाही तेथे पुन्हा चौकशी करतात. शिक्षकाने दोनदा बेरीज करून पाहावी, तसेच हे.

तथापि नमुन्यावरून प्रमाण कळते. प्रत्येक मातेची हकीकत कळत नाही. ती आशाताईंची यादी, उपकेंद्रातील परिचारिकेची वही, रुग्णालयाचे कागद आणि मृत्युनोंद अशी ठिकठिकाणी विखुरलेली असते. आपल्याकडे तर मुलीचे नाव माहेरी एक आणि सासरी दुसरे. तपासणी एका गावी, बाळंतपण दुसऱ्या गावी! हे विखुरलेले कागद जुळवून त्यातून कारण शोधणारा संशोधक कोणाच्या दृष्टीस पडत नाही. परंतु प्रसूतिगृहातील वैद्याइतकेच त्याचे काम मोलाचे आहे, असे माझे नम्र मत आहे.

केरळचे उदाहरण पाहावे. तेथील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने 2004 पासून मातामृत्यूंची गोपनीय छाननी चालविली. मातेचे वा वैद्याचे नाव उघड करावयाचे नाही, दोष कोणाच्या माथी मारावयाचा नाही. केवळ चूक कोठे टळली असती, एवढेच पाहावयाचे. रक्तस्राव हे मोठे कारण असल्याचे त्यातून दिसले आणि उपचारांचे नियम त्यानुसार बसविण्यात आले. 2018-20 मध्ये केरळचे प्रमाण 19 होते, तर आपल्या महाराष्ट्राचे 33. त्याचे श्रेय एकट्या छाननीला देता येणार नाही, हे खरे. पण भीती गेल्यावाचून खरी हकीकत बाहेर येत नाही, हा धडा आपण घ्यावा.

या कामी आपला वाटा लहान असला तरी आवश्यक आहे. सून माहेरी निघाली, की तिचे माता-बाल कार्ड पिशवीत आधी घालावे. दोन्ही गावच्या आशाताईंना कळवावे. आणि देव न करो, पण घरात असा प्रसंग ओढवलाच, तर लोकलज्जेने काही झाकू नये. ती गरोदर होती की बाळंतीण होती, हे आपणहून सांगावे.

हजेरीपटात गैरहजर मुलाचेही नाव असते, म्हणूनच गुरुजी त्याची चौकशी करतात. माझ्या बहिणीची चौकशी झाली नाही. आपल्या लेकीसुनांची व्हावी, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.