अर्भकाची वाढ आणि समाजाचे कर्तव्य

मूल जन्मल्यावर पाचव्या किंवा सहाव्या रात्री सटवाई घरात येते आणि बाळाच्या ललाटी त्याचा भाग्यलेख लिहून जाते, अशी समजूत मराठी घरांतून पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. तिच्या पूजेत कोरा कागद आणि लेखणी ठेवण्याची चालही त्यातूनच पडली. या समजुतीतील श्रद्धेचा भाग ज्याचा त्याने ठरवावा. परंतु आयुष्याचा पुष्कळसा लेख अगदी आरंभी लिहिला जातो, हे तिच्यातील निरीक्षण शास्त्रानेही खरे ठरविले आहे. फरक एवढाच, की हा लेख एका रात्रीत पुरा होत नाही. पहिली दोन-तीन वर्षे तो लिहिला जात असतो, आणि तेवढ्या मुदतीत त्यात बरीच दुरुस्तीही करता येते. ही दुरुस्ती वेळेवर व्हावी म्हणून सरकारी खर्चाने जी व्यवस्था उभी राहिली आहे, तिची माहिती प्रत्येक कुटुंबाला असणे अगत्याचे आहे.

जन्मतः बालकाच्या मेंदूचे वजन प्रौढाच्या मेंदूच्या सुमारे एक-चतुर्थांश असते. दुसरे वर्ष संपते तेव्हा ते तीन-चतुर्थांशाच्या घरात गेलेले असते. या काळात मेंदूतील पेशींचे परस्परांशी धागे जुळतात. वापरातले धागे बळकट होतात आणि न वापरलेले गळून पडतात. ह्यूबेल आणि वीझेल या शास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिलांवर प्रयोग करून दाखविले, की कोवळ्या वयात एक डोळा झाकून ठेवला तर पुढे तो उघडला तरी त्या डोळ्याने पाहण्याची शक्ती मेंदूत नीट येत नाही. डोळा निरोगी, पण मेंदूने त्याची भाषा शिकण्याची वेळ टळून गेलेली. या कार्याबद्दल त्यांना १९८१ साली नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. जन्मतः मोतीबिंदू असलेल्या बालकाची शस्त्रक्रिया पहिल्या काही आठवड्यांतच उरकावी असा आग्रह नेत्रवैद्य धरतात, त्याचे मर्म हेच आहे.

आता कोणती बालके धोक्यात आहेत असे समजावे? दिवस पुरे होण्यापूर्वी जन्मलेली, वजनाने फार कमी भरलेली, जन्मल्यावर लगेच न रडलेली, तीव्र काविळीने किंवा मेंदूज्वराने ग्रासलेली, आणि काचेच्या पेटीत बरेच दिवस काढून घरी आलेली, ही त्यांतील प्रमुख होत. परंतु येथे एक भेद नीट ध्यानात धरला पाहिजे. धोका म्हणजे दोष नव्हे. अशा बालकांपैकी पुष्कळ जण पुढे इतरांसारखेच धावतात, बोलतात, शाळेत जातात. मात्र कोणते बालक मागे पडेल हे पहिल्या दिवशी सांगता येत नाही. म्हणून सर्वांवरच नजर ठेवावी लागते.

ही नजर ठेवण्याला तिथीचे बंधन आहे. अपुऱ्या दिवसांच्या बालकाच्या नेत्रपटलातील रक्तवाहिन्या पुऱ्या वाढलेल्या नसतात. पुढे त्या वेड्यावाकड्या वाढू लागल्या तर पटल सुटून कायमचे अंधत्व येऊ शकते. म्हणून ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या अथवा २ किलोहून कमी वजनाच्या बालकाचे नेत्रपटल जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासले जावे, आणि अगदीच लहानग्यांचे त्याहूनही आधी, असा भारतातील वैद्यकाचा दंडक आहे. दोष वाढता आढळला तर लेसर किरणांचा उपचार दोन-तीन दिवसांत करावा लागतो. आणि मराठी घरांत बाळंतिणीने सव्वा महिना उंबरठा ओलांडू नये अशी रीत! बाळ दूध पिते, अंग धरते, बाहेरून डोळे टपोरे दिसतात; मग चाळीस दिवस झाल्यावर नेऊ, असे घरातील वडीलधारी माणसे म्हणतात. त्यांच्या मायेत खोट नसते. परंतु तीस दिवसांची तिथी त्या सव्वा महिन्याच्या आतच उलटून जाते. रीत ठेवावयाची असेल तर अवश्य ठेवावी. या एका दिवसापुरता मात्र तिला अपवाद करावा.

कानांचा हिशेब एक, तीन आणि सहा या आकड्यांनी सांगतात. पहिल्या महिन्यात श्रवणाची चाचणी, तिसऱ्याच्या आत निदान आणि सहाव्याच्या आत श्रवणयंत्र किंवा अन्य उपाय. गलग्रंथीचा रस जन्मतःच कमी असेल तर टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवरून ते कळते, आणि पहिल्या दोन आठवड्यांत औषधाची लहानशी गोळी सुरू झाली तर बुद्धिमांद्य टळते. ही चाचणी सर्वच सूतिकागृहांत होते असे नाही. तेव्हा ती विचारून घ्यावी. जन्मतः वाकडे असलेले पाऊल तर पॉन्सेटी पद्धतीने, म्हणजे दर आठवड्याला प्लॅस्टर बदलीत हळूहळू सरळ करता येते. शेवटी टाचेच्या शिरेवर लहानसा छेद बहुधा घ्यावा लागतो, आणि चौथ्या वर्षापर्यंत झोपताना विशिष्ट बूट घालावे लागतात.

या सर्वांची सांगड घालणारा ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम’ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून सुरू झाला. जन्मजात दोष, आजार, पोषणातील उणिवा आणि विकासातील दिरंगाई अशा चार वर्गांतील मिळून ३० विकार त्याने आरंभी हाती घेतले. सरकारी प्रसूतिस्थानी नवजात बालकाची तपासणी तेथील वैद्यक सेवकांनी करावयाची. पुढे सहा आठवड्यांपर्यंत ‘आशा’ कार्यकर्तीने घरी जाऊन पाहावयाचे. त्यानंतर सहाव्या वर्षापर्यंत फिरत्या वैद्यकीय पथकाने वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासावयाचे, अशी ही साखळी आहे. तिचे पुढचे टोक म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र. तेथे बालरोगतज्ज्ञ, व्यायामोपचारक, श्रवण व वाचा तज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, नेत्रपरीक्षक आणि विशेष शिक्षक एकाच छपराखाली असावेत अशी योजना आहे. शस्त्रक्रियेसह सारे उपचार विनामूल्य आहेत.

या साखळीतील घरभेटीच्या कल्पनेचा एक उगम विदर्भात आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व राणी बंग यांनी खेड्यांतील स्त्रियांना शिकवून नवजात बालकांची घरोघर काळजी घेण्याचा प्रयोग केला. त्यामुळे तेथील नवजातांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यक नियतकालिकात प्रसिद्ध झाले, आणि पुढे ही पद्धत देशभर स्वीकारली गेली. बालके वाचू लागली, तेव्हा साहजिकच पुढचा प्रश्न उभा राहिला: वाचलेल्या बालकाचे आयुष्य कसे असावे?

अमेरिकेने या प्रश्नाचे उत्तर १९८६ साली कायद्याने दिले. जन्मापासून तिसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या बालकांना सेवा देण्यासाठी राज्यांना केंद्राचे साहाय्य मिळू लागले, आणि प्रत्येक कुटुंबासाठी स्वतंत्र लेखी योजना आखण्याचे बंधन आले. भारतातही २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने सर्व बालकांची वर्षातून निदान एकदा तपासणी करून धोक्यातील बालके ओळखण्याचे कर्तव्य शासनावर टाकले आहे.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. जी बालके आपोआप सुधारणार त्यांच्यावर सार्वजनिक पैसा का खर्चावा, हा पहिला. परंतु लस टोचताना प्रत्येक मुलाला तो रोग होणारच होता असे कोणी सिद्ध करून मागत नाही. जमैकातील किंग्स्टन शहरात १९८६-८७ साली वाढ खुंटलेल्या १२९ गरीब बालकांची पाहणी सुरू झाली. त्यांतील काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षे, आठवड्यातून एक तास जात आणि घरगुती खेळण्यांनी मुलाशी कसे खेळावे हे आईला दाखवीत. वीस वर्षांनी पाहिले तो, ही मुले तशा भेटी न मिळालेल्या सोबत्यांहून सुमारे २५ टक्के अधिक कमावीत होती. दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. तान्ह्या जिवावर ‘मंद’ असा शिक्का बसेल, ही ती भीती. तिच्यावर उपाय एकच. केंद्रातील नोंद ही उपचारासाठी असते, निवाड्यासाठी नव्हे, हे तेथील सेवकांनी आपल्या शब्दांतून आणि वागण्यातून दाखवून द्यावयास हवे.

वस्तुतः केंद्रात जे घडते ते फार साधे असते. बाळाला पोटावर निजवून मान उचलावयास लावणे, आवाजाच्या दिशेने खुळखुळा फिरविणे, डोळ्याला डोळा देऊन बोलणे, ताठरलेले पाय हलक्या हाताने सैल करणे. उपचारक आठवड्यातून एखादा तास देतो. उरलेले सर्व तास आईचे, आजीचे, आणि बापाचेही असतात. म्हणून घरच्यांना शिकविणे हाच या उपचाराचा गाभा होय.

साखळी तुटते ती बहुधा मध्यभागी. पथक चिठ्ठी देते. पण केंद्र जिल्ह्याच्या गावी असते. दर आठवड्याला जाणे म्हणजे मजुरी बुडविणे, एसटीचे भाडे, आणि घरी उरलेल्या मुलांची सोय. तेथे पोहोचल्यावर उपचारकाची जागाच रिकामी आढळली, तर ते कुटुंब पुन्हा येत नाही. घरातही कोणी म्हणते, ‘याचा बाप पण उशिराच बोलला होता.’ तेव्हा केवळ तपासणीचे आकडे वाढवून शासनाचे कर्तव्य संपत नाही. चिठ्ठी मिळालेले बालक केंद्रात पोहोचले काय आणि तेथे टिकले काय, हे मोजले पाहिजे.

हा कार्यक्रम राष्ट्रीय असल्यामुळे गोवा, बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा किंवा हैदराबाद येथील मराठी कुटुंबांनाही तो खुला आहे. त्यांच्यासाठी एक सूचना विशेष महत्त्वाची. तपासनीस कन्नड, हिंदी, गुजराती वा तेलुगूत बोलला आणि मूल गप्प राहिले, तर ते मागे आहे असे ठरू नये. घरची भाषा मराठी असल्याचे आरंभीच सांगावे आणि प्रश्न त्या भाषेत विचारू द्यावे. दोन भाषा कानावर पडल्याने मूल मुके होत नाही. घरची बोली सोडण्याचे कारण नाही.

दोन महिन्यांचे बाळ हसण्याला हसून उत्तर देते, चौथ्या महिन्यात मान धरते, आठव्याच्या सुमारास आधाराविना बसते, आणि दीड वर्षापर्यंत चालू लागते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे महिने मात्र जन्मतिथीपासून नव्हे, तर बाळंतपणाच्या अपेक्षित तिथीपासून मोजावेत. एखादी पायरी चुकली म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. पण वाट पाहत बसण्याचेही नाही. अंगणवाडी ताईला किंवा आशाताईला त्याच आठवड्यात विचारावे, आणि चिठ्ठी मिळाली तर ती देवघरात जपून न ठेवता केंद्राची वाट धरावी. शंका खोटी ठरली तर एक दिवस गेला. खरी ठरली, तर एक आयुष्य सावरले.